वर्ध्यात शिकावे की वर्धा सोडावे? बौद्ध तरुणांसाठी एक जमाखर्च

बारावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांत एकच चर्चा सुरू होते. पोरगं शिकायला कुठे पाठवायचे? नागपूरला, पुण्याला की वर्ध्यालाच? आर्वी, आष्टी, समुद्रपूर, देवळीकडच्या खेड्यांतल्या शेतमजूर आणि अल्पभूधारक कुटुंबांसाठी हा प्रश्न आवडीनिवडीचा नाही. त्या घरातली पहिलीच पिढी कॉलेजची पायरी चढत असते आणि शहराची निवड चुकली तर एक वर्ष वाया जाते. पुष्कळदा त्या एका वर्षात शिक्षणच सुटते. म्हणून नातेवाईक काय म्हणतात किंवा मित्र कुठे चालले आहेत, एवढ्यावर निर्णय घेऊ नये. वर्धा हे शिक्षणासाठी राहण्याचे शहर म्हणून आपल्या समाजातील मुलामुलींना काय देते आणि काय हिरावून घेते, याचा सरळ हिशेब आम्ही या लेखात मांडत आहोत.

शहर केवढे, पसरले कुठवर?

२०११ च्या जनगणनेत वर्धा नगरपालिकेची लोकसंख्या १ लाख ६ हजार ४४४ होती आणि जिल्ह्याची १३ लाख ७७४. वर्धा, सेलू, देवळी, हिंगणघाट, समुद्रपूर, आर्वी, आष्टी आणि कारंजा (घाडगे) असे आठ तालुके या जिल्ह्यात आहेत. जिल्ह्यातील दर शंभर माणसांत दहाहून अधिक माणसे बौद्ध आहेत. राज्यात हे प्रमाण सहाच्या आसपास आहे. म्हणजे वर्ध्यात आलेला आपला विद्यार्थी परक्या मुलखात येत नाही.

मात्र नगरपालिकेची हद्द म्हणजे वर्धा नव्हे. सावंगी, सिंदी, बोरगाव, पिपरी या 'मेघे' लावलेल्या गावांत आणि नालवाडी, म्हसाळा या भागांत शहर केव्हाच पसरले आहे. कागदोपत्री तिथे ग्रामपंचायत आहे, व्यवहारात ते वर्धाच आहे. शहरातील बहुतेक मोठ्या शिक्षणसंस्था हद्दीबाहेर आहेत. सेवाग्राम शहरापासून सुमारे ८ किलोमीटरवर आहे, सावंगी दुसऱ्या दिशेला, हिंदी विश्वविद्यालय तिसऱ्या टेकडीवर. खोली कुठे घ्यायची, रोजचा ऑटोचा खर्च किती आणि शासकीय योजनेत आपले कॉलेज बसते की नाही, हे सगळे या हद्दीवर ठरते. त्याचा तपशील पुढे येईलच.

काय काय शिकता येते?

एवढ्या आकाराच्या शहरात इतक्या प्रकारच्या संस्था असणे विदर्भात विरळच. सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सुरू केले. सावंगी (मेघे) येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय १९९० चे आहे आणि त्याभोवती दंत, आयुर्वेद, परिचर्या, फिजिओथेरपी असे शिक्षणाचे अख्खे गाव उभे राहिले आहे. अभियांत्रिकीसाठी सेवाग्रामचे बापूराव देशमुख महाविद्यालय आहे आणि २०१७ मध्ये सुरू झालेले बजाज इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आहे. वाणिज्यासाठी १९४० चे गो. से. वाणिज्य महाविद्यालय, विज्ञानासाठी १९६२ चे जानकीदेवी बजाज विज्ञान महाविद्यालय. कला शाखेची महाविद्यालये आणि समाजकार्य, शिक्षणशास्त्र यांचे अभ्यासक्रमही शहरात आहेत. त्यांतली बहुतेक पदवी महाविद्यालये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाला जोडलेली आहेत. पदवी नागपूर विद्यापीठाची आणि राहणे वर्ध्यात, हा हिशेब बऱ्याच पालकांच्या लक्षात येत नाही. त्याच पदवीसाठी नागपूरला दुप्पट खर्च करण्यापूर्वी त्यांनी हे एकदा तपासून पाहावे.

याशिवाय १९९७ मध्ये स्थापन झालेले महात्मा गांधी अंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय हे केंद्रीय विद्यापीठ आहे. देशभरातून मुले इथे येतात. केंद्रीय विद्यापीठाचे शुल्क खाजगी संस्थांच्या मानाने कमी असते आणि अनुसूचित जातीचे आरक्षण कायद्याने लागू असते. आपल्या जिल्ह्यातील मुले मात्र 'हिंदीचे विद्यापीठ, आपल्याला काय करायचे' म्हणून तिकडे फिरकत नाहीत. तिथे समाजकार्य, जनसंचार, अनुवाद, स्त्री अध्ययन, मानवशास्त्र हे विषय आहेत आणि भदंत आनंद कौसल्यायन यांच्या नावाचे बौद्ध अध्ययन केंद्रही आहे. दाराशी असलेले केंद्रीय विद्यापीठ सोडून दिल्ली-हैदराबादच्या विद्यापीठांची स्वप्ने पाहणाऱ्यांनी एकदा हा टेकडीवरचा रस्ता चढून यावा.

एक सावधगिरीची गोष्टही सांगितली पाहिजे. सगळ्या संस्थांचे दरवाजे आपल्याला सारखे उघडत नाहीत. शासकीय, अनुदानित आणि राज्याच्या सामायिक प्रवेश फेरीतून भरणाऱ्या जागांवर आरक्षण आणि शिष्यवृत्ती मिळते. खाजगी अभिमत विद्यापीठांतील वैद्यकीय जागांवर मात्र जातनिहाय आरक्षण नसते आणि शुल्क लाखांत असते. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला शिष्यवृत्तीचा आधार मिळत नाही. 'प्रवेश करून घ्या, शिष्यवृत्तीचे नंतर पाहू' असे सांगणाऱ्या मध्यस्थावर विश्वास ठेवून शेत विकलेली कुटुंबे विदर्भात कमी नाहीत. प्रवेशाची पावती फाडण्यापूर्वी जागा कोणत्या कोट्यातली आहे, हे लेखी विचारा.

स्वाधारचे गणित

वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याने २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू केली. भोजन, निवास आणि निर्वाह मिळून मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत वर्षाला ६० हजार आणि वर्ध्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार रुपये असा तिचा दर ठरला. महिन्याला हिशेब केला तर नागपुरात ५ हजार आणि वर्ध्यात साधारण ३ हजार ६००.

वरवर पाहता नागपूर फायद्याचे वाटते. पण चौदाशे रुपयांच्या या फरकात नागपूरच्या खोलीचे वाढीव भाडे, मेस आणि रोजचा प्रवास भागत नाही. वर्ध्यात दोघांनी मिळून खोली करून हाताने स्वयंपाक केला, गावाहून तांदूळ-डाळ आणली, कॉलेजला सायकलने गेले तर स्वाधारच्या रकमेत बऱ्यापैकी निभावते. नागपुरात तेच निभावण्यासाठी घरून पैसे मागवावे लागतात किंवा रात्रीची नोकरी धरावी लागते. रात्री डिलिव्हरी करणारा मुलगा सकाळच्या तासाला झोपतो आणि योजनेला लागणारी ७५ टक्के हजेरी भरत नाही. पैसा वाचवण्यासाठी धरलेल्या नोकरीने योजनाच जाते.

या योजनेच्या तीन अटी वर्ध्याच्या संदर्भात नीट समजून घ्याव्यात. पहिली, विद्यार्थी त्याच शहराचा रहिवासी नसावा. वर्धा शहरात घर असलेल्याला वर्ध्यातील शिक्षणासाठी स्वाधार मिळत नाही. दुसरी, कॉलेज शहराच्या हद्दीपासून ठरावीक अंतरात, म्हणजे मूळ नियमाप्रमाणे ५ किलोमीटरच्या आत असावे. वर्ध्याच्या निम्म्याअधिक संस्था हद्दीबाहेर असल्याने ही अट इथे सर्वात जास्त बोचते. तिसरी, पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावे. प्रवेशापूर्वीच समाजकल्याण कार्यालयात जाऊन आपले कॉलेज चालू वर्षाच्या नियमात बसते की नाही, हे विचारून घ्या.

आणखी एक गोष्ट पालकांना आधीच सांगून ठेवावी. स्वाधार असो की भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, पैसा जूनमध्ये येत नाही. वर्ष संपत आल्यावर, कधी वर्ष उलटल्यावर हप्ता पडतो. पहिल्या सहा महिन्यांची सोय घरून करावी लागतेच. ती सोय वर्ध्यात कमी पैशांत होते, हाच या शहराचा सर्वात मोठा आर्थिक फायदा आहे.

कागदपत्रांची लढाई

धर्मांतरानंतर आपल्या लोकांच्या सवलती गेल्या होत्या, हे आजच्या मुलांना माहीत नसते. महाराष्ट्राने १ मे १९६० पासून राज्याच्या सवलती नवबौद्धांना लागू केल्या. केंद्राच्या सवलतींसाठी १९९० साल उजाडावे लागले. त्या लढ्यातून मिळालेला हक्क आज एका प्रमाणपत्रावर अवलंबून असतो आणि ते प्रमाणपत्र ऐन प्रवेशाच्या वेळी हाताशी नसते.

अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेचा दाखला, कोतवाल बुकाची नक्कल, जुना सातबारा, काहीही. ज्यांचे आजोबा शाळेतच गेले नाहीत, ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती, त्यांच्यासाठी हा पुरावा शोधणे म्हणजे दुसरी परीक्षाच. इथे वर्ध्यात राहण्याचा फायदा उघड दिसतो. जिल्हाधिकारी कार्यालय, समाजकल्याण आणि जात पडताळणी समिती एकाच शहरात आहेत आणि गाव दोन तासांच्या आत आहे. सकाळी गावाहून निघालेला बाप दुपारी तहसीलची नक्कल घेऊन कार्यालयात पोहोचू शकतो. पुण्याला शिकणाऱ्या मुलाला एका सहीसाठी रात्रभराचा प्रवास करावा लागतो. अकरावीतच पडताळणीचा अर्ज टाकला तर ही धावपळही वाचते.

खोली आणि आडनाव

आता खर्चाची बाजू. वर्ध्यात खोली स्वस्त मिळते, पण ती सगळ्यांना सारखी मिळत नाही. घरमालक नाव विचारतो, मग गाव, मग आडनाव. आडनावावरून अंदाज आला नाही तर 'देवघरात कोणाचा फोटो ठेवता?' असाही प्रश्न येतो. उत्तर ऐकल्यावर खोली 'कालच दिली' होते. मांसाहाराचे कारण तर नेहमीचेच. हे नागपूर-पुण्यातही घडते. पण मोठ्या शहरात मुलगा दुसऱ्या गल्लीत जातो आणि कोणाला कळत नाही. लहान शहरात घरमालक एकमेकांना ओळखतात आणि एका आळीत नकार मिळाला की शेजारची दारेही बंद होतात.

यावर आपल्या मुलांनी आजवर काढलेला मार्ग म्हणजे आपल्याच वस्तीत खोली घेणे. त्यात आधार आहे, सुरक्षितता आहे. पण त्याचा तोटाही आहे. चार वर्षे शहरात राहून मुलगा शहरात मिसळतच नाही. त्याचे वर्गमित्र कॉलेजपुरते राहतात. पुढे नोकरीच्या मुलाखतीत, परक्या माणसांच्या टेबलावर बसताना लागणारा मोकळेपणा त्याला मिळत नाही. म्हणून जिथे शक्य आहे तिथे वसतिगृहाला पहिली पसंती द्यावी, असे आम्हाला वाटते. समाजकल्याणची शासकीय वसतिगृहे असोत की संस्थांची, तिथे निदान आडनाव विचारून ताट वाढले जात नाही.

गांधींच्या शहरात आंबेडकरी तरुण

वर्ध्यात राहणाऱ्या आपल्या मुलांना एक वेगळाच अनुभव येतो. चौकाचौकांत, संस्थांच्या पाट्यांवर, अभ्यासक्रमात, प्रार्थनेत गांधी आणि विनोबा भेटतात. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात खादी, श्रमदान आणि सर्वधर्म प्रार्थना हा जीवनक्रमाचा भाग आहे. ज्या घरात पुणे कराराची गोष्ट ऐकत मूल वाढले, त्याला हे सगळे सुरुवातीला अवघड जाते. काही मुले गप्प राहायला शिकतात, काही रोज भांडतात. आमच्या मते दोन्हींपेक्षा चांगला मार्ग आहे, तो म्हणजे या शहराचा इतिहास नीट वाचणे. त्यात आपलेही बरेच काही आहे.

१९ जुलै १९२८ रोजी जमनालाल बजाज यांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांसाठी खुले केले. देशातल्या पहिल्या काही मंदिरांत त्याची गणना होते आणि वर्ध्यात आजही हे अभिमानाने सांगितले जाते. सांगावेच. पण त्याच्या सव्वा वर्ष आधी, २० मार्च १९२७ ला, महाडला चवदार तळ्याचे पाणी आपल्या लोकांनी स्वतः उचलून प्यायले होते आणि मार खाल्ला होता. एका ठिकाणी मालकाने दार उघडले, दुसऱ्या ठिकाणी माणसांनी हक्क बजावला. या दोन घटना शेजारी ठेवल्या की गांधी आणि बाबासाहेब यांच्यातला वाद पुस्तक न उघडताही समजू लागतो. १९३३ च्या नोव्हेंबरात गांधींनी आपली हरिजन यात्रा वर्ध्याहूनच सुरू केली. १९३६ च्या मे महिन्यात खुद्द बाबासाहेब गांधींना भेटायला वर्ध्याजवळच्या शेगावला आले होते. येवल्याची धर्मांतराची घोषणा होऊन तेव्हा जेमतेम सात महिने झाले होते. हेच शेगाव पुढे सेवाग्राम झाले. ज्या मातीवर ही भेट झाली तिथे आपली मुले आज डॉक्टर होत आहेत.

धम्माचा धागाही या शहरात जुना आहे. पाली आणि बौद्ध साहित्याचे महापंडित धर्मानंद कोसंबी यांनी ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामलाच देह ठेवला. जपानी भिक्षू निचिदात्सु फुजी, ज्यांना आपण फुजी गुरुजी म्हणतो, १९३३ मध्ये वर्ध्यात गांधींना भेटले. त्यांच्या निप्पोनझान म्योहोजी परंपरेचा विश्वशांती स्तूप आज गोपुरीजवळ, गीताई मंदिराच्या शेजारी उभा आहे. भदंत आनंद कौसल्यायन यांनी १९४० च्या दशकात वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीचे काम सांभाळले. बाबासाहेबांच्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथाचा हिंदी अनुवाद त्यांचाच. उत्तर भारतातल्या लाखो लोकांपर्यंत हा ग्रंथ ज्यांच्या लेखणीतून पोहोचला, ते वर्ध्याच्या रस्त्यांवरून चालत होते. ही ओळख आपल्या मुलांना कोणी करून देत नाही. स्तूपाजवळ फोटो काढून सगळे परततात.

अशा शहरात राहण्याचा बौद्धिक फायदा मोठा आहे. ज्याच्या भोवती सगळे आपल्याच मताचे असतात त्याचे युक्तिवाद बोथट होतात. वर्ध्यात रोज वेगळे मत ऐकावे लागते, त्याला सभ्यपणे आणि पुराव्यानिशी उत्तर द्यावे लागते. कार्यकर्त्याला याहून चांगली शाळा नाही.

चळवळीसाठी लहान शहर

लहान शहरात आवाज लवकर पोहोचतो. वर्ध्यात दोनशे विद्यार्थी जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले तर दुसऱ्या दिवशी सगळ्या स्थानिक वर्तमानपत्रांत बातमी असते आणि अधिकारी चर्चेला बोलावतात. नागपुरात दोनशे जणांचा मोर्चा वाहतुकीत हरवून जातो. शिष्यवृत्ती अडली, वसतिगृहातले जेवण बिघडले, तर वर्ध्यात संबंधित अधिकाऱ्याच्या टेबलापर्यंत जाणे अवघड नाही.

पण लहान शहरात आवाज काढणारा लगेच ओळखूही येतो. प्राध्यापक, संस्थाचालक, पुढारी यांचे एकमेकांशी नातेसंबंध असतात आणि मोर्चात दिसलेल्या मुलाचे नाव संध्याकाळपर्यंत त्याच्या बापाच्या मालकापर्यंत पोहोचते. ऑक्टोबर २०१९ मध्ये हिंदी विश्वविद्यालयातील सहा विद्यार्थ्यांना कांशीराम स्मृतिदिनाच्या सुमारास केलेल्या आंदोलनानंतर विद्यापीठातून काढण्यात आले. विधानसभा निवडणुकीच्या आचारसंहितेचे कारण दिले गेले. देशभरातून निषेध झाल्यावर काही दिवसांतच तो आदेश मागे घ्यावा लागला. या प्रसंगातून शिकण्यासारख्या गोष्टी दोन आहेत. विद्यार्थ्यांवर कारवाई किती झटकन होते ही एक. आणि संघटित, कायदेशीर, सर्वांसमोर केलेला विरोध ती मागे घ्यायला लावतो ही दुसरी. आंदोलन करा, पण नियम वाचून करा, निवेदनाची पोच घ्या आणि एकटे पडू नका.

नागपूर जवळ असण्याचाही चळवळीवर परिणाम होतो. रेल्वेने दीड तासाच्या आत दीक्षाभूमी गाठता येते हे आपले भाग्य. पण त्यामुळे मोठे वक्ते, परिषदा, ग्रंथप्रदर्शने सगळी नागपूरला होतात आणि वर्ध्याचा कार्यकर्ता कायम श्रोता राहतो. गावोगावी, वस्तीवस्तीत विहारे आहेत. वंदना, बुद्धपौर्णिमा, जयंती आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन सोडले तर त्यांतल्या अनेकांना दिवसभर कुलूप असते. त्याच वेळी बाजूच्या खोलीत चार मुले एका बल्बखाली स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत असतात.

मुलींसाठी वर्धा

मुलांच्या बाबतीत निवड 'वर्धा की पुणे' अशी असते. खेड्यातल्या बऱ्याच मुलींच्या बाबतीत ती 'वर्धा की लग्न' अशी असते. घरच्यांना पोरगी जवळ हवी असते, संध्याकाळपर्यंत घरी परतणारी किंवा शनिवारी एसटीने येणारी. वर्ध्याने हे शक्य केले. परिचर्या, डीएड-बीएड, समाजकार्य, विज्ञान शिकून नोकरीला लागलेल्या आपल्या पहिल्या पिढीतील बायकांमध्ये वर्ध्यात शिकलेल्या पुष्कळ आहेत. म्हणून 'वर्ध्यात काय ठेवलंय' असे म्हणताना मुलींचा विचार वेगळा करावा.

सुरक्षिततेबद्दल मात्र डोळे मिटून चालणार नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाटला कॉलेजला निघालेल्या तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवून देण्यात आले आणि आठवडाभराने तिचा मृत्यू झाला. आरोपीला २०२२ मध्ये जन्मठेप झाली. लहान शहर म्हणजे सुरक्षित शहर, हा समज त्या घटनेने मोडला. पाठलाग, त्रास होत असेल तर 'बदनामी होईल' म्हणून झाकून न ठेवता पहिल्याच वेळी कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीकडे आणि पोलिसांकडे लेखी द्यावे. घरच्यांनीही अशा वेळी पोरीचे शिक्षण थांबवू नये. शिक्षा तिला होता कामा नये.

रात्रीच्या प्रवासाबद्दलही दोन शब्द. शहरातील संस्था लांब लांब पसरल्याने संध्याकाळनंतर ऑटो मिळत नाहीत आणि मुले मिळेल त्या गाडीने महामार्गावर निघतात. जानेवारी २०२२ मध्ये सेलसुऱ्याजवळ रात्री कार पुलावरून कोसळून सावंगीचे सात वैद्यकीय विद्यार्थी गेले. कोणत्याही समाजाच्या घरात असा निरोप जाऊ नये.

शिक्षणानंतर काय?

वर्ध्याची सर्वात कमकुवत बाजू नोकरी आहे. पुलगावची कापड गिरणी बंद पडली. हिंगणघाटला कापूस आणि सूत आहे, देवळीला औद्योगिक वसाहत आहे, भूगावला पोलाद कारखाना आहे. पुलगावचे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. पण दरवर्षी बाहेर पडणाऱ्या पदवीधरांच्या मानाने हे फार थोडे आहे. दवाखाने आणि शिक्षणसंस्था हेच इथले मोठे रोजगार आणि त्यांतल्या खाजगी नोकऱ्यांत आरक्षण नाही. संगणक, व्यवस्थापन, माध्यमे या क्षेत्रांत काम करायचे तर शहर सोडावेच लागते. वर्ध्यात चांगले गुण मिळवूनही मुलाखतीचा सराव, इंग्रजी बोलण्याची सवय आणि ओळखी नसल्याने आपली मुले मागे पडतात.

जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. पण अवैध दारू वस्त्यांपर्यंत पोहोचते, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. काम नसलेला पदवीधर आणि हाताशी असलेली बाटली, या जोडीने किती घरे बसली हे वस्तीत राहणाऱ्यांना सांगायला नको.

दळणवळण मात्र सुधारते आहे. मुंबई-हावडा मार्गावर वर्धा आणि दिल्ली-चेन्नई मार्गावर सेवाग्राम अशी दोन स्थानके आहेत. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो. आर्वीकडे मात्र पुलगावची छोटी 'शकुंतला' बंद पडल्यापासून एसटीच आहे. आष्टी आणि कारंजा तालुक्यांतील मुलांनी अमरावतीचाही विचार करावा. जिल्हा वर्धा म्हणून शहर वर्धाच असले पाहिजे असे नाही.

मग कोणी राहावे, कोणी जावे?

सरळ सांगायचे तर आमचे मत असे आहे. घरात पहिल्यांदाच कोणी पदवी घेत असेल, उत्पन्न बेताचे असेल, अभ्यासक्रम बीए, बीकॉम, बीएस्सी, परिचर्या किंवा समाजकार्य असेल, तर पदवीची तीन-चार वर्षे वर्ध्यातच काढावीत. खर्च कमी, गाव जवळ, कागदपत्रे हाताशी. पदवीनंतर मात्र एकदा तरी जिल्ह्याबाहेर पडावे. पदव्युत्तर शिक्षणासाठी, संशोधनासाठी, बार्टीच्या प्रशिक्षणासाठी, जमल्यास शासनाच्या परदेश शिष्यवृत्तीसाठी.

ज्याला अभियांत्रिकी किंवा वैद्यकीयसाठी शासकीय महाविद्यालयात जागा मिळत असेल, ते नांदेडला असो की मुंबईला, त्याने वर्ध्याच्या महागड्या खाजगी जागेसाठी ती सोडू नये. आणि ज्याचे लक्ष्य अकरावीपासूनच पक्के आहे, ज्याच्या घरी पहिल्या वर्षाची तरतूद आहे, त्याने नागपूर-पुण्याला बिनधास्त जावे.

जे वर्ध्यात स्थायिक आहेत, नोकरीत आहेत, त्यांच्यासाठी चार कामे आम्ही सुचवतो. प्रत्येक वस्तीतील विहार रात्री दहापर्यंत अभ्यासिका म्हणून उघडे राहावे. जूनपूर्वी आपल्या समाजातील व परिवर्तनवादी घरमालकांच्या खोल्यांची यादी तयार व्हावी, म्हणजे नवख्या मुलाला दारोदार आडनाव सांगत फिरावे लागणार नाही. प्रत्येक रविवारी दोन निवृत्त कर्मचाऱ्यांनी विहारात बसून महाडीबीटीचे, स्वाधारचे आणि पडताळणीचे अर्ज तपासून द्यावेत. आणि हप्ता येईपर्यंतच्या सहा महिन्यांसाठी एक छोटा बिनव्याजी निधी असावा, शिष्यवृत्ती जमा झाली की परत करायचा. यातल्या एकाही कामाला मोठी देणगी किंवा मोठा नेता लागत नाही. दहा माणसे आणि एक किल्ली लागते.

वर्ध्यात राहायचे की जायचे, हे प्रत्येकाने आपापल्या परिस्थितीप्रमाणे ठरवावे. पण पैशाअभावी, कागदाअभावी किंवा खोलीअभावी आपले एकही मूल परत गावाला जाऊ नये. येत्या जूनपर्यंत आपल्या वस्तीतील विहाराची किल्ली कोणाकडे आहे, एवढे तरी विचारून ठेवा.

जय भीम! नमो बुद्धाय!